तळपायाला कान

गहू पिकवणाऱ्या गावात असा एक गृहस्थ हमखास असतो. अकरा महिने त्याला कोणी विचारत नाही. ग्रामसभेत तो बोलायला उभा राहिला की लोकांना बिड्या आठवतात. लग्नात त्याला फेटा बांधायचा राहून जातो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मग फेब्रुवारी सरतो, लोंब्या पिवळ्या पडतात, आणि ज्या सरपंचानं वर्षभर त्याच्या रस्त्याचा अर्ज दाबून ठेवलेला असतो तोच सरपंच मोटारसायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून, आवाजात साय आणून विचारतो, "नाना, जेवण झालं का?"

नाना ऐकत नाहीत. एक तर त्यांना ऐकू येत नाही. आणि आलं तरी मार्चात ऐकायचं नसतं.

हार्वेस्टरवाल्यांची आता दोन घराणी झाली आहेत. काचेच्या खोलीत थंड हवेत बसून, गाणी लावून गहू कापणारं एक. आमचे नाना दुसऱ्या घराण्याचे. डोक्यावर पत्र्याची छत्री, तोंडाला उपरणं, डोळ्यांना गॉगल आणि पाय अनवाणी. उपरणं आणि गॉगल यांच्यातून कपाळाची जी एक पट्टी उघडी राहते, तेवढाच नानांचा चेहरा मी सुगीत पाहिलेला आहे. नात्यानं ते माझे चुलते. कॉलेजच्या दिवसांत सुगीपुरता मी त्यांचा हेल्पर होतो आणि त्यांनी माझं नाव 'कॉलेज' असंच ठेवलं होतं. "ए कॉलेज, ग्रीस मार." "कॉलेज, खाली शिर." शिक्षणाबद्दल इतका तुच्छ उच्चार मी नंतर कुठेही ऐकला नाही.

आमचं गाव निफाड आणि कोपरगावच्या मधलं, गोदावरीच्या कालव्यावर जगणारं. ऊस, कांदा, आणि थंडीत गहू. गहू बहुतेक लोकवन, म्हणजे सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेलं वाण. नानांच्या तरुणपणी त्याची सोंगणी विळ्यानं व्हायची आणि तीही पहाटे, कारण ऊन तापलं की लोंबी झडते. पेंढ्या बांधायच्या, खळ्यावर न्यायच्या, बैलांची पात धरायची, वाऱ्याची वाट बघायची. पुढे हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, आला तेव्हा बैल सुटले, माणसं सुटली नाहीत. हडंब्याच्या तोंडात पेंढी सारताना हात गेलेली माणसं आमच्या भागात अजून आहेत.

मग हार्वेस्टर घेऊन सरदारजी आले. आपल्याकडचा गहू आधी पिकतो, मार्चात. मग मध्य प्रदेश, आणि पंजाबात पार वैशाखीला. त्यामुळे पंजाबची ही यंत्रं इकडे खाली उतरतात आणि पिकत्या गव्हाच्या मागोमाग कापत कापत घरी परततात. नानांनी असं पहिलं यंत्र बघितलं ते शेजारच्या शिवारात. तासाभरात दोन एकर रान मोकळं, आणि पाइपातून गहू थेट ट्रॉलीत. नाना बांधावर उकिडवे बसले होते. ते उठले तेव्हा, नानींच्या सांगण्याप्रमाणे, बैलजोडी विकली गेली होती; फक्त बैलांना अजून माहीत नव्हतं.

बैल गेले, नानींच्या पाटल्या गेल्या, दोन भागीदार मिळाले आणि तिघं पतियाळाकडच्या नाभ्याला जाऊन एक जुनं यंत्र घेऊन आले. स्वराजनं १९८० साली आपल्या देशातलं पहिलं स्वतःच्या चाकांवर चालणारं हार्वेस्टर काढलं, त्यानंतर त्या भागात असे छोटे-मोठे कारखाने पुष्कळ उभे राहिले. नानांचं यंत्र नेमकं कोणाचं, हे मात्र सांगता येत नाही. इंजिन ट्रकचं होतं, सीट बसची होती, एक चाक दुसऱ्या यंत्राचं होतं, आणि पाटीवरची अक्षरं उडून फक्त 'इंडिया' उरलं होतं. नाना तेवढंच सांगायचे. "कंपनी कोणती?" "इंडिया."

ते त्यांनी चालवत आणलं. जोडीला महिनाभराच्या बोलीवर एक उस्ताद होता, सत्तरी गाठलेला सरदार. कापणीचा पुढचा चौदा फुटांचा भाग काढून गाड्यावर आडवा घातलेला, तो मागे बांधलेला, आणि ही वरात तासाला वीस किलोमीटरनं आग्रा-मुंबई रस्त्यावर. सेंधव्याच्या घाटात मागे ट्रकची रांग लागली. नाना आयुष्यात पहिल्यांदाच कशाच्या तरी पुढे होते.

हार्वेस्टर वळवणं हा प्रकार ज्यानं केला नाही त्याला तो समजत नाही. मोठी चाकं पुढे, ती ओढतात. लहान चाकं मागे, ती वळतात. म्हणजे यंत्र डावीकडे वळवलं की त्याचं ढुंगण उजवीकडे जातं, आणि ते किती जातं ते पुढे बसलेल्याला दिसत नाही. शिरपूरच्या अलीकडे नानांनी एका चहाच्या टपरीसमोर अतिशय देखणं वळण घेतलं. पुढून बघणाऱ्यांनी मान डोलावली. मागून टपरीचे चारही बांबू गेले. उस्तादानं खाली उतरून चहावाल्याला पैसे दिले आणि नानांना एक वाक्य ऐकवलं, "आगे तो सब देखते हैं, तू पीछे का सोच."

नानांनी ते वाक्य जन्मभर पाळलं आणि नको तिथेही पाळलं. मुलीच्या लग्नात मांडवात शिरताना ते मागे वळून बघत शिरले आणि व्याह्यांच्या पोटावर आदळले.

यंत्रावर घड्याळं पाच. चार मेलेली. पाचवं जिवंत होतं, पण ते कशाचं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. काटा कधी उसळायचा, कधी पडायचा, आणि त्याचा इंजिनाशी काही संबंध दिसत नव्हता. "काटे शिकलेल्यांसाठी असतात," नाना म्हणायचे. मी विचारलं, मग तुम्हाला कसं कळतं? तर त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली होती तिच्याकडे बोट केलं.

गावाला वाटायचं की नाना भक्तिभावानं अनवाणी चढतात. काही बायका यंत्राला हळदीकुंकू लावताना नानांच्या पायांकडेही हात जोडायच्या. खरं कारण वेगळं होतं. इतक्या वर्षांच्या इंजिनाच्या आवाजानं नानांचे कान गेले होते. ते बोलायचे ओरडून, ऐकायचे अंदाजानं. पण उभं राहायच्या पत्र्यावर त्यांचे उघडे तळपाय टेकलेले असत, आणि मार्चातल्या दुपारी ज्या पत्र्यावर पापड भाजला जाईल तिथून ते त्या यंत्राची नस न् नस ऐकत. पुढचं पातं बोथट झालं तर अंगठ्याला कळायचं. ड्रममध्ये ओलं काड गेलं तर टाचेला. पट्टा सैल झाला की म्हणे पायाच्या करंगळीत मुंग्या येत. हे मी सांगतो आहे म्हणून थाप वाटेल. पण चालू यंत्रावर, त्या गदारोळात, नानांनी डावी टाच उचलून बगळ्यागत एका पायावर उभं राहून डोळे मिटले की आम्ही इंजिन बंद व्हायच्या आधीच पाने काढून ठेवत असू.

एकदा असेच ते थांबले. "मागचं लाकूड गेलं."

ड्रममधून निघालेलं काड झटकत झटकत मागे ढकलणाऱ्या लांब पट्ट्या असतात, वॉकर म्हणतात त्यांना. काडात अडकलेले दाणे त्या झटक्यांनी खाली चाळणीवर पडतात. त्या पट्ट्या ज्यावर फिरतात ती बेअरिंगं जुन्या यंत्रांत चक्क लाकडाची असतात, तेलात मुरवलेल्या लाकडाची. धुळीत पोलादाची गोळी अडकते, लाकूड झिजतं पण चालत राहतं. मी मागे जाऊन बघितलं तर एक ठोकळा खरंच फुटला होता. नवीन मागवायचा तर पंजाब. नानांनी सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घेतले आणि रात्री नानींच्या कढईत तेलात उकळले. नानी माहेरी गेल्या होत्या. आल्यावर त्यांनी त्याच कढईत भजी तळली. पाहुण्यांनी पहिलं भजं खाल्लं आणि नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "छान मुरलंय." ते भज्याबद्दल बोलत नव्हते.

ही दिव्यशक्ती फक्त यंत्रापुरती होती, हे नानींचं दुःख. "चाळणीचा नट ढिला झाला तर टाचेत कळतं ह्यांना. घरातलं तेल संपलं, हे तीन दिवस कानात ओरडतेय मी." त्यावर नाना शांतपणे विचारत, "काय ढिलं झालं?"

सकाळी मोठी गंमत असे. विळ्याला दव लागतं, हार्वेस्टरला ऊन. दवानं सादळलेलं काड ड्रमला गुंडाळतं, लोंबीतून दाणा सुटत नाही, म्हणून दहा-साडेदहाशिवाय यंत्र रानात घालता येत नाही. पण ज्याचा नंबर त्याला सात वाजल्यापासून दम निघत नाही. तो चहा पाठवतो. मग पोहे. नऊच्या सुमारास स्वतः येऊन आकाशाकडे बघत "ऊन चांगलंय हं आज" असं हवेला सांगतो. नाना तोवर ग्रीस मारून घेत, पट्टे दाबून बघत, नारळ फोडत, त्यातलं खोबरं खात, आणि मला म्हणत, "कॉलेज, चाव."

दाणा चावून ओल बघायची जुनी पद्धत आहे. कट्ट वाजला आणि फुटला तर वाळलेला, दाताखाली दबला तर ओला. बाजार समितीतला माणूस यंत्र लावून बारा टक्के, चौदा टक्के सांगतो, तेच काम दाढ करते. नानांच्या दाढा तंबाखूनं चाळिशीतच नेल्या होत्या. त्यामुळे पाय त्यांचे आणि दात माझे, अशी आमची भागीदारी होती. मी चावायचो, ते माझ्या तोंडाला कान लावायचे, त्यांना काही ऐकू यायचं नाही, मग ते माझ्या जबड्यावर बोट ठेवायचे. शेतमालक श्वास रोखून समोर उभा. असं चार-पाचदा झालं की नाना म्हणत, "अजून अर्धा तास. तुमच्याकडं ताक असंल तर बघा."

पाहुणचाराचं हे शास्त्र मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. नंबर लांब असलेला माणूस नुसता नमस्कार करतो. चार नंबर उरले की चहा येतो. दोन उरले की जेवण. आपला नंबर लागला की पुरणपोळी. आणि टाकीतला गहू ट्रॉलीत पडला की तोच माणूस एकरी भावावरून घासाघीस करायला बसतो आणि पाण्यालाही विचारत नाही. नाना त्यामुळे पैशांची बोलणी नेहमी अर्ध्या रानात यंत्र थांबवून करत. अर्धा गहू उभा असताना माणूस फार समजूतदार असतो.

नानांचा एकच सिद्धान्त होता. यंत्र चुकत नाही. रान चुकतं, दव चुकतं, मालक चुकतो. आमच्याकडे गव्हाला सारे पाडून पाणी देतात, दर काही फुटांवर वरंबा. पातं खाली घेतलं तर माती खातं, वर घेतलं तर लोंब्या सोडतं. यात चूक कोणाची? वरंबा घालणाऱ्याची. पाणंद नऊ फुटांची आणि कटर चौदा फुटांचा. चूक पाणंदीची. पहिल्यांदा हरभरा कापायला गेले तेव्हा ड्रमचा वेग गव्हाचाच राहिला. गव्हाला ड्रम मिनिटाला आठशे-हजार फेरे घेतो, हरभऱ्याला त्याच्या निम्म्यावर आणावा लागतो, जाळीतलं अंतरही वाढवावं लागतं. ते काही झालं नाही आणि पाइपातून चण्याची डाळ पडू लागली. मालकानं कपाळावर हात मारला. नाना वरून ओरडले, "भरडायचा खर्च वाचला!"

खपलीची गोष्ट तर आमच्या तालुक्यात अजून सांगतात. नाशकातल्या एका डॉक्टरांनी आरोग्याच्या नादानं गावाकडच्या वावरात खपली गहू पेरला. खपलीचा दाणा टरफलाला घट्ट धरून असतो, नुसत्या मळणीनं तो उघडा होत नाही. त्याला पुढे कांडावं लागतं. डॉक्टर गाडीला टेकून उभे, हातात मोबाइल, पहिल्या दाण्याचा फोटो काढायला. टाकी भरली, पाइप उघडला आणि ट्रॉलीत टरफलासकट सगळा माल धबाधबा पडला. डॉक्टर म्हणाले, "नाना, हे काय? गहू कुठंय?" नाना खाली उतरले, ओंजळभर माल घेतला, फुंकर मारली, पुन्हा बघितला. "यंत्रानं काम केलं डॉक्टर. गव्हानं नाही केलं." पुढे एक तास ते डॉक्टरांना तो गहू कसा हट्टी असतो ते सांगत होते, जणू डॉक्टरांनी मुलाचं स्थळ आणलं होतं आणि नाना मुलाचे अवगुण उघड करत होते.

ड्रम जाम झाला की मात्र तत्त्वज्ञान संपायचं आणि मी सुरू व्हायचो. बाजूचा पत्रा काढून कमरेपर्यंत आत शिरायचं आणि गुंडाळलेलं काड विळ्यानं कापत काढायचं. आत अंधार, उकाडा आणि कुसळं. गव्हाचं कुसळ कॉलरमधून शिरतं आणि कुठून निघेल याचा नेम नसतो. माझं एक, मला वाटतं, अजून आत आहे. त्या पोटातून मी काय काय काढलं! विळे तर किती. पंपाची वायर. एक मुलांची चप्पल. एकदा आख्खं बुजगावणं गिळलं होतं. मडकं फुटून गेलं, सदऱ्याच्या चिंध्या मागून पडल्या आणि शेवटच्या पोत्यात सदऱ्याच्या चार गुंड्या सापडल्या. मालकाला नानांनी त्या मोजून परत दिल्या.

हार्वेस्टरनं सुख दिलं तसं भांडणही दिलं. यंत्र दाणा घेतं आणि काड मागे विस्कटून टाकतं; धसकटं गुडघ्याएवढी उभीच. ज्याच्या दारात गुरं त्याला गव्हांडा हवा असतो. म्हाताऱ्या बायका बांधावर उभ्या राहून विचारायच्या, "अरे, दाणा नेलास, गुरांनी काय खायचं?" नानांकडे याला उत्तर नव्हतं. सगळ्या प्रश्नांना उत्तर असलेल्या माणसाकडे एका प्रश्नाला नसावं, हे मला त्यांच्यातलं फार आवडायचं. ते इंजिनाचा आवाज वाढवत.

आणि सरवा. सोंगणीच्या मागे पडलेल्या लोंब्या वेचायचा हक्क गरिबांचा, ही जुनी रीत. ज्या बायका पूर्वी सोंगणीला यायच्या त्यांची मजुरी या यंत्रानं घेतली, सरवा तेवढा राहिला. नाना दाण्याच्या नासाडीबाबत इतके कडक की दर फेरीनंतर उतरून यंत्रामागचं भुसकट मुठीत घेऊन फुंकायचे; चार दाणे दिसले तर चाळणीला शिव्या. पण रानाच्या कोपऱ्यात यंत्र वळलं की पातं हातभर वर जायचं आणि लोंब्यांची एक तिकोनी चिंधी उभी राहायची. प्रत्येक कोपऱ्यात. मालकानं तक्रार केली की नाना मागच्या चाकांवर व्याख्यान द्यायचे, शिरपूरच्या टपरीसकट. "मागनं वळणारं यंत्र हाय. कोपऱ्यात बसत न्हाई." मागून बायका पदर खोचून यायच्या. मी एकदा सहज म्हणालो, नाना, उस्ताद असताना तर कोपरे साफ निघायचे. त्यांना ते ऐकू आलं नाही.

२०१४ साली फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं मराठवाड्यापासून नाशकापर्यंत पिकं झोपवली. मी तेव्हा शहरात नोकरीला होतो, फोनवर ऐकलं. ढग दिसल्यावर नानांनी नंबरांची वही बंद केली आणि पहिलं यंत्र घातलं ते ज्याच्याशी बांधावरून त्यांचा दावा चालू होता त्याच्या वावरात. त्याच्या वकिलालाही हा डाव कळेना. नानांना विचारलं तर म्हणाले, "त्याचा गहू आधी पिकला व्हता. दावा अजून कच्चा हाय." दोन रात्री ते दिवे लावून कापत होते. दव पडून काड सादळलं की थांबायचं, वारं सुटून वाळलं की चालू. तिसऱ्या दिवशी गारा आल्या. त्याचं रान मोकळं होतं. खुद्द नानांचा गहू उभा होता, तो गेला. नानींनी त्यावर जे ऐकवलं ते मात्र, नाना स्वतः सांगतात, शब्दन् शब्द ऐकू आलं.

मी एकदा त्यांना या यंत्राचा इतिहास सांगायला बसलो. १८३६ मध्ये अमेरिकेत, मिशिगनात, हायरम मूर नावाच्या माणसानं कापणी आणि मळणी एकत्र करणारं यंत्र केलं. पुढे कॅलिफोर्नियात अशी प्रचंड यंत्रं वीस-वीस, तीस-तीस घोडे आणि खेचरं लावून ओढत. नानांनी डोळे बारीक केले. "तीस घोडे?" "हो." "रोज?" "सुगीभर." बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "मंग भुसकटाचा प्रश्न तिथं नसंल." मग मी महायुद्धातली गोष्ट काढली. १९४४ साली मॅसी-हॅरिस कंपनीनं ५०० यंत्रांची फौज टेक्सासपासून निघून उत्तरेकडे कॅनडाच्या सीमेपर्यंत पिकत्या गव्हामागे नेली आणि दहा लाख एकरांवर पीक काढलं. मला वाटलं आता चकित होतील. नाना म्हणाले, "आपले सरदार दरसाल करत्यात. त्यांचं कोणी लिवून ठिवत न्हाई." हे खरंच आहे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, देशात माणसाला हलता येईना, तेव्हा सरकारनं ज्यांना राज्याराज्यांच्या सीमा ओलांडायची मुभा ठेवली त्यांत ही हार्वेस्टरं होती. नानांनी ती बातमी कापून देव्हाऱ्यात ठेवली.

आता इंडियाच्या टाकीत नानींची कोंबडी अंडी घालते. भावकीतल्या एका पोरानं नवं यंत्र घेतलं आहे. एसी केबिन, समोर पडदा, काही बिघडलं की पडद्यावर लाल अक्षरं. मागच्या सुगीत त्यानं मानानं नानांना केबिनमध्ये नेऊन बसवलं. नानांनी सवयीनं चप्पल दाराशी काढली. आत रबराचं जाड मॅट. नानांनी एक पाय टेकवला, दुसरा टेकवला, टाचा उचलल्या, अंगठे दाबले. पोरानं एक फेरी मारली. नाना घाबरले. "बंद पडलं का रं?" "चालू आहे नाना, कापतंय." "कोण म्हणतं?"

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली. पोरगं म्हणालं, हवेचं फिल्टर चोंदलंय. नाना खाली उतरले, अनवाणीच मागे गेले, एक पाय चाकाच्या धुऱ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि निकाल दिला. "फिल्टर न्हाई. बेअरिंग जातंय. डावं." पोरानं फिल्टर काढून झटकलं, परत बसवलं. लाल अक्षरं गेली, यंत्र सुरळीत चालू लागलं. नाना म्हणाले, "आज चालंल. दोन दिसांनी बघ."

दोन दिवसांनी ते पायी रानात गेले. बेअरिंग ठीक होतं. "अजून दोन दिस." मग फोन सुरू झाले. त्यांना ऐकू येत नाही म्हणून नानी फोन कानाशी धरून उत्तर ऐकणार आणि ओरडून त्यांना सांगणार. गेलं का? नाही गेलं. गेलं का? नाही. सुगी संपली, यंत्र मध्य प्रदेशात गेलं, तिथं फोन गेला. शेवटी पोरगं वैतागलं आणि म्हणालं, "गेलं नाना. बेअरिंग गेलं. तुमचंच बरोबर होतं."

नानींनी ते ओरडून सांगितलं. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचार त्याला, कोणतं?"

पोरानं जरा थांबून सांगितलं, "उजवं."

"खोटं बोलतंय," नाना म्हणाले. "ठेव फोन. उद्या परत लाव."